अध्यक्षांचेच बंड, लष्कराचा कौल

लष्करी उठाव म्हटला की रणगाड्यांनी अध्यक्षांच्या प्रासादाला वेढा घातल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. ५ एप्रिल १९९२ च्या रात्री पेरूची राजधानी लिमा येथे रणगाडे रस्त्यावर उतरले, ते मात्र अध्यक्षांच्याच बाजूने. १९९० मध्ये रीतसर निवडून आलेले आल्बेर्तो फुजिमोरी यांनी दूरचित्रवाणीवरून संसद बरखास्त केली आणि न्यायव्यवस्थेच्या 'पुनर्रचने'ची घोषणा केली. सत्ताधीशानेच घडविलेल्या अशा सत्तापालटाला स्पॅनिशमध्ये 'आउतोगोल्पे' म्हणतात.

संसदेत बहुमत नव्हते, 'शायनिंग पाथ'च्या माओवादी हिंसाचाराने देश पोळला होता. त्यामुळे बहुसंख्य जनतेने या पावलाचे स्वागतच केले. तथापि, लोकप्रियतेने संसदेचे दरवाजे बंद होत नाहीत. त्यासाठी दारावर सैनिक उभे करावे लागतात. फुजिमोरी यांनी ती तजवीज आधीच केली होती. गुप्तचर यंत्रणेचे सूत्रधार व्लादिमिरो मॉन्तेसिनोस यांच्या साह्याने सेनादलांतील मोक्याच्या जागी मर्जीतील अधिकारी आणले गेले. डिसेंबर १९९१ मध्ये लष्करप्रमुख झालेले जनरल निकोलस एर्मोसा तब्बल १९९८ पर्यंत त्या पदावर राहिले, यातच सारे आले.

पुढच्याच वर्षी, मे १९९३ मध्ये, ग्वाटेमालाचे अध्यक्ष होर्हे सेरानो यांनी हाच कित्ता गिरवला. घटना न्यायालयाने त्यांचे कृत्य अवैध ठरविले, लष्कराने पाठिंबा काढला आणि आठवडाभरात त्यांना पायउतार व्हावे लागले.

खुद्द पेरूमध्ये ७ डिसेंबर २०२२ रोजी या प्रयोगाची पुनरावृत्ती झाली. महाभियोगाचे मतदान काही तासांवर आले असताना अध्यक्ष पेद्रो कास्तिल्यो यांनी थरथरत्या हातांनी कागद वाचून संसद बरखास्तीची घोषणा केली. सेनादलांशी आधी काही ठरले असल्याची खूण त्या दिवशी तरी दिसली नाही. घटनेविरुद्धच्या कोणत्याही कृतीला साथ देणार नसल्याचे पत्रक सेनादले व पोलिसांनी संयुक्तपणे काढले. संसद भरलीच आणि १३० पैकी १०१ सदस्यांनी त्यांच्या हकालपट्टीच्या बाजूने मत दिले.

मेक्सिकोच्या दूतावासाकडे निघालेल्या कास्तिल्यो यांना त्यांच्याच सुरक्षारक्षकांनी वाटेत पोलिसांच्या हवाली केले. त्यांना लिमातील पोलीस तळावर ठेवण्यात आले. मानवी हक्कभंगाच्या गुन्ह्यांसाठी २००९ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झालेला एक वृद्ध कैदी तेथे आधीपासूनच होता : आल्बेर्तो फुजिमोरी.