छोट्या रुळांवरचा उजेड

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढ्या गाड्या, त्यांच्याभोवती वसवलेले छोटे शहर आणि ध्वनी-प्रकाशाच्या साथीने रंगणारा खेळ, यांमुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी जणांना हा छंद पहिल्यांदा तिथेच भेटला. तेव्हापासूनच्या पावशतकात छोट्या रेल्वेच्या घरगुती मांडण्यांवरचा उजेड दोनदा मुळापासून बदलला. आधी पिवळा बल्ब आणि ट्यूब होती, मग सीएफएल आले, मग एलईडी. दर वेळी वीज वाचली, उष्णता घटली आणि उजेड वाढला. तरीही मागे पाहिले की एक गोष्ट सलते. उजेड जितका स्वस्त आणि पांढरा होत गेला, तितकी मांडणीतली वेळ हरवत गेली. गाडी सकाळची की तिन्हीसांजेची, वैशाखातली की आषाढातली, हे सांगणारे काही उरले नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी गाव, साल आणि प्रहर ठरवावा, दिवा त्यानंतर, असे माझे ठाम मत आहे.

बल्बच्या काळातल्या अडचणी खऱ्या होत्या. स्टेशनात, घरांत बसवायचे गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब किंवा दिवाळीच्या माळेतून सोडवलेले दिवे तापायचे, आणि प्लास्टिकची भिंत जवळ असली तर ती मऊ पडायची. पण त्या तापलेल्या तारेत एक गुण होता. विजेचा दाब कमी केला की तार थंड होते आणि उजेड मंद होता होता तांबूस होतो. संध्याकाळ आपोआप उतरायची. छताला लावलेल्या जुन्या ट्यूबकडे हा गुण नव्हता, वर तांबड्या रंगाशी तिचे कधी जमले नाही. तिच्याखाली विटा आणि कौले आजारी दिसायची.

एलईडीने हे सगळे उलटेपालटे केले. जानेवारी २०१५ मध्ये स्वस्त एलईडी बल्ब वाटणारी सरकारी उजाला योजना सुरू झाली आणि २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. मराठवाड्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती. ज्या भागाने भारनियमनात रात्री काढल्या, तिथे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी एलईडी पट्टी म्हणजे हा छंद गावातल्या खोलीतही जगण्याची सोय. जळकोटसारख्या बालाघाटातल्या गावाला, जिथून रेल्वे गाठायची तर उदगीर गाठावे लागते, खोलीतली छोटी गाडी हीच जवळची गाडी. त्यामुळे एलईडीला नावे ठेवण्याचा प्रश्नच नाही. तक्रार सवयीची आहे. दुकानात आधी पुढे येते ती ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचे माप, आकडा मोठा तितका रंग गार) झगझगीत पांढरी पट्टी, आणि तीच स्टेशनात, कंदिलात, इंजिनाच्या दिव्यात आणि आभाळातही बसते. शिवाय एलईडी मंद केला तरी त्याचा रंग बदलत नाही. बल्ब जी संध्याकाळ फुकट देत होता, ती आता मुद्दाम आखावी लागते.

हे नीट कळते ते बार्शी लाइटच्या उदाहरणाने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभी केलेली ही ७६२ मिलिमीटर रुंदीची रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, पुढे लातूरपर्यंत आली आणि २००८ पर्यंत ती सगळी ब्रॉडगेजमध्ये विरून गेली. (नावातल्या ‘लाइट’चा अर्थ हलकी, उजेडाशी त्याचा संबंध नाही.) सत्त्याऐंशीव्या हिश्शात तिचे रूळ पावणेनऊ मिलिमीटरवर येतात, म्हणजे बाजारातला नऊ मिलिमीटरचा रूळ जवळपास चपखल बसतो. इतके साधल्यावर उजेड चुकला तर जीव हळहळतो. जुन्या हात-सिग्नलचेच पाहा. त्यातली ‘हिरवी’ काच दिवसा नीट पाहिली तर निळसर असते. मागे जळायची रॉकेलची बत्ती, तिचा उजेड जेमतेम १९०० केल्विनचा, गडद पिवळा. त्या पिवळ्यात काचेचा निळेपणा मिसळला की चालकाला हिरवा दिसायचा. त्याच काचेमागे पांढरा एलईडी लावा, सिग्नल निळा होतो. तो निळेपणा झाकायला गर्द हिरवा रंग लावला की रात्रीचा प्रश्न सुटतो, पण दिवसाची काच खोटी ठरते. उष्ण रंगाचा एलईडी घेऊन त्यावर पारदर्शक पिवळ्या-नारिंगी रंगाचा हात फिरवला तर काच आणि दिवा दोन्ही खरे राहतात.

आधी प्रहर ठरवून उजेड बेतण्यावर पहिला आक्षेप असा, की गाडी घसरली, तार सुटली तर भरपूर उजेड लागतोच. मान्य आहे. त्यासाठी छताची ट्यूब राहू द्यावी, फक्त तिचे बटण वेगळे असावे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: रंग बदलणारी पट्टी रिमोटवर कोणताही प्रहर देते, मग आधी ठरवायचे कशाला? पण ती पट्टी तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन अरुंद पट्ट्यांतून पांढरा रंग जुळवते. मराठवाड्याचे रंग नेमके त्यांच्या मधल्या जागांत राहतात: वाळले गवत, काळी माती, धुळीने भरलेली बाभळ. आभाळाच्या पडद्याला अशी पट्टी शोभते. जमिनीवर नव्वदच्या पुढच्या सीआरआयची, म्हणजे रंग जवळपास खरे दाखवणारी, साधी पट्टीच हवी. तिसरे म्हणणे, डोक्यावर उजेड असला की सगळे नीट दिसते. दिसते खरे, पण सपाट. जळकोटच्या अक्षांशावर मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो, उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच गडप होते. छताची ट्यूब मांडणीवर बारा महिने त्याच घटकेच्या जवळपासचा देखावा उभा करते. सावली हवी तर उजेड एका बाजूने यावा, आणि ते एका दिव्याने भागत नाही. आठ फुटी फळीच्या एका टोकाबाहेर तीन फुटांवर दिवा टांगला, तर जवळच्या टोकापेक्षा दुसऱ्या टोकाला जवळपास तेरापट कमी उजेड पोचतो. त्यापेक्षा लांब बाजूला झालरीआड उन्हासाठी अखंड पट्टी, साधारण ३००० केल्विनची, आणि समोरच्या बाजूला आभाळासाठी त्याहून मंद, गार रंगाची दुसरी. या दोन पट्ट्यांच्या तोलावर सकाळ, कलती दुपार, संध्याकाळ सगळे बसते.

याच पट्ट्यांवर लातूरची एक पहाट उभी करता येईल. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळातल्या लातूरसाठी मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली गाडी, दहा टाक्या आणि पाच लाख लिटर पाणी, लातुरात पोचली ती पहाटेच. त्या मांडणीत उन्हाची पट्टी विझलेलीच ठेवावी लागेल. आभाळाची गार पट्टी अगदी मंद, फलाटावर तुरळक दिवे, आणि टाक्यांच्या गोल पाठीवरून गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी उजेडाची एक बारीक रेघ.