गिटारचं सर्टिफिकेट आणि लाकडाचा जन्मदाखला

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण मनात हसले असतील. वाघ, कोळसा, तेंदूपत्ता सोडून हा माणूस विलायती इलेक्ट्रिक गिटारच्या प्रतिकृतींवर काय बोलणार? थोडा धीर धरा. ही गोष्ट लंडनच्या एका गच्चीवर सुरू होते आणि आपल्या बल्लारपूरच्या लाकूड आगारापाशी येऊन थांबते.

आधी छंद काय आहे ते समजून घेऊ. एखादा मोठा संगीतकार वर्षानुवर्षं एकच गिटार वाजवतो. ती गिटार प्रसिद्ध होते. मूळ गिटार एकच, आणि ती हवी असलेले हजारो. मग कंपनी तिची हुबेहूब प्रतिकृती काढते, पण मोजकीच. प्रत्येकीवर क्रमांक, सोबत सर्टिफिकेट, खास पेटी. संख्या संपली की उत्पादन बंद. यालाच लिमिटेड एडिशन म्हणतात. जगभरात लोक अशा गिटारी गोळा करतात, जपतात आणि पुढे विकतातही.

उदाहरण घ्या. एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' नावाची काळी स्ट्रॅटोकास्टर. त्याने १९७० च्या सुमारास अमेरिकेत जुन्या गिटारी स्वस्तात घेतल्या आणि त्यांतल्या तिघींचे चांगले भाग जोडून ही एक तयार केली. २००४ साली न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली. ते पैसे व्यसनमुक्ती केंद्रासाठी होते. दोन वर्षांनी, २००६ मध्ये, फेंडर कंपनीने तिच्या २७५ प्रतिकृती काढल्या. किंमत प्रत्येकी २४,००० डॉलर. मूळ गिटारवरचे ओरखडे, उडालेला रंग, सिगारेटने पडलेला डाग, सगळं जसंच्या तसं, हाताने केलेलं. नव्या वस्तूवर मुद्दाम म्हातारपण चढवायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. गंमत वाटेल, पण घेणाऱ्यांची कमतरता पडली नाही.

आता मला सांगा, हा माणूस नेमकं काय विकत घेतो? आवाज? इलेक्ट्रिक गिटारमध्ये आवाज कसा निघतो ते पाहा. तारेखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेटोळ्यात बारीकशी वीज निर्माण होते, ती अँप्लिफायरकडे जाते आणि स्पीकरमधून आवाज येतो. सतारीचा भोपळा किंवा साध्या गिटारचं पोकळ खोकं आवाज मोठा करतं, तसं काम इथे लाकडाला नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजात लाकडाचा वाटा किती, यावर वाजवणारे आणि अभ्यासक अजून भांडतात. पिकअप आणि अँप्लिफायरचा वाटा मोठा, याबद्दल मात्र भांडण नाही.

म्हणजे आवाज तर साध्या गिटारमधूनही बराचसा जवळपास आणता येतो. संग्राहक पैसे मोजतो ते गोष्टीसाठी. ही गिटार कोणाच्या हातातल्या गिटारसारखी आहे, तिचा क्रमांक कितवा, सर्टिफिकेट आहे का, मूळ पेटी आणि कागद शाबूत आहेत का, एखादा भाग बदललाय का. कागद हरवले तर किंमत पडते. वस्तू तीच, लाकूड तेच, आवाज तोच, तरी पडते. कारण या बाजारात वस्तूइतकीच तिची वंशावळ विकली जाते.

आता लंडनच्या गच्चीवर जाऊ. ३० जानेवारी १९६९. बीटल्स हा जगप्रसिद्ध बँड आपल्या कंपनीच्या इमारतीच्या गच्चीवर अचानक वाजवायला लागतो. लोकांसमोरचा तो त्यांचा शेवटचा कार्यक्रम ठरला. त्यात जॉर्ज हॅरिसनच्या हातात एक तपकिरी, लाकडाचे रेषे दिसणारी टेलिकास्टर होती. हॅरिसन म्हणजे पंडित रविशंकरांचा शिष्य झालेला, सतार शिकलेला बीटल. ही गिटार फेंडरच्या कारागिरांनी १९६८ मध्ये खास त्याच्यासाठी केली होती, आणि ती होती रोजवूडची. रोजवूड म्हणजे आपण ज्याला शिसम किंवा शिसव म्हणतो, त्या कुळातलं लाकूड.

हॅरिसनने १९६९ च्या शेवटी ती एका मित्राला, डेलनी ब्रॅमलेटला, देऊन टाकली. २००३ च्या लिलावात ती ४,३४,७५० डॉलरला विकली गेली आणि हॅरिसनच्या पत्नीकडे परत आली. पुढे फेंडरने तिची लिमिटेड एडिशन काढली, १,००० नग. शिसम जड असतं, म्हणून आतून थोडी पोकळी ठेवून वजन कमी केलं. मागच्या धातूच्या पट्टीवर चक्क ॐ कोरला. आणि लाकूड? रोजवूडच. प्रतिकृती म्हटली की लाकूड बदलून चालत नाही.

आता इथून आपला जिल्हा सुरू होतो.

रोजवूड हे एक झाड नाही. डालबर्जिया नावाच्या कुळातली अनेक झाडं त्यात येतात. ब्राझीलचं वेगळं, मादागास्करचं वेगळं. गिटारच्या धंद्यात ज्याला इंडियन रोजवूड म्हणतात ते डालबर्जिया लॅटिफोलिया, म्हणजे आपलं शिसम. उत्तरेकडचं फर्निचरचं शिशम हे त्याचं भावंड, पण झाड दुसरं. आपलं शिसम चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात सागाच्या सोबतीने उगवतं. साग, ऐन, बिजा, धावडा यांच्यात अधूनमधून एखादं. सागासारखं त्याचं सलग रान नसतं. गिटारवाल्यांकडे जाणारं शिसम मुख्यतः दक्षिणेकडच्या राज्यांतून जातं, हेही इथे स्वच्छ सांगतो. पण झाड तेच, आणि त्याचा प्रश्नही तोच.

प्रश्न काय? शिसम फार सावकाश वाढतं. कारागिराला हवा असतो तो आतला काळपट जांभळा गाभा. बाहेरचं फिकट लाकूड त्याच्या कामाचं नाही. चांगला रुंद गाभा तयार व्हायला झाडाला माणसाच्या तीन-चार पिढ्या लागतात. म्हणून म्हणतो, दुर्मीळपणा दोन प्रकारचा असतो. २७५ किंवा १,००० हा आकडा एका बैठकीत ठरतो. मनात आणलं असतं तर कंपनी ५,००० ही काढू शकली असती. जंगलातला आकडा कोणत्याच बैठकीत वाढवता येत नाही. जगाच्या लाल यादीत आपलं शिसम 'असुरक्षित' गटात नोंदलेलं आहे.

हे जगाच्या लक्षात आलं तेव्हा कायदा आला. साइटिस हा धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार. ब्राझीलचं रोजवूड १९९२ पासूनच त्याच्या सर्वांत कडक यादीत आहे. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जियाचं बाकीचं सगळं कूळ दुसऱ्या यादीत आलं. आता गिटार देशाबाहेर पाठवायची तर परवाना हवा. कंपन्यांची धावपळ झाली. फेंडरने मेक्सिकोत होणाऱ्या बऱ्याच गिटारींना रोजवूडऐवजी पाऊ फेरो नावाचं दक्षिण अमेरिकेतलं लाकूड लावायला सुरुवात केली. वाजवणारे कुरकुरले, पण कोणाचं संगीत अडलं नाही. पुढे नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना यातून सूट मिळाली. ओंडके आणि कापीव लाकूड मात्र नियमाखालीच राहिलं.

त्याआधीचा एक किस्सा सांगायलाच हवा. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सन या नामांकित गिटार कंपनीवर छापा घातला. जप्त झालं ते भारतातून आलेलं रोजवूड आणि एबनी. वाद कशावरून? भारतातून कापीव लाकूड बाहेर पाठवायला बंदी, पण ठरावीक जाडीपेक्षा पातळ पापुद्रा किंवा तयार भाग पाठवायला मुभा. मग गिटारच्या गळ्यावर बसणारी, खाचा न पाडलेली पट्टी कशात धरायची? ती कापीव लाकूड की वाद्याचा भाग? या काही मिलिमीटरच्या प्रश्नावर दोन देशांचे कायदे अडकले. २०१२ मध्ये तडजोड झाली. मादागास्करच्या एबनीच्या जुन्या प्रकरणात कंपनीने ३ लाख डॉलर दंड भरला. भारतीय लाकडाबाबत कायदाच पुरेसा स्पष्ट नाही असं ठरून ते परत मिळालं. आणि कंपनीने काय केलं? त्या परत आलेल्या लाकडाची 'गव्हर्नमेंट सिरीज' नावाची खास गिटार बाजारात आणली! जप्ती हीच तिची वंशावळ झाली.

यातून एक गोष्ट उघड दिसते. आपल्या देशाच्या त्या नियमामागे साधा हेतू होता: लाकूड कच्चं जाऊ नये, काम इथे व्हावं, मजुरी इथे मिळावी. कारण ओंडक्यावर जितकं काम होतं तितकी किंमत चढते, आणि काम जिथे होतं तिथे पैसा थांबतो.

आता बल्लारपूरच्या आगारात चला. तिथे ओंडक्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. प्रत्येक ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा, क्रमांक, लांबी, गोलाई. लिलाव झाला की वाहतूक परवाना. म्हणजे ज्या काटेकोरपणासाठी संग्राहक हजारो डॉलर मोजतो, तो आपल्या आगारात रोजचाच आहे. पण हा क्रमांक करवतीखाली गेला की संपतो. प्रतिकृतीचं सर्टिफिकेट सांगतं, ही १,००० पैकी कितवी. ती कोणत्या रानातल्या झाडाची, ते झाड कोणी राखलं, हे त्यावर लिहिलेलं नसतं. गिटारची वंशावळ हॅरिसनपर्यंत जाते, लाकडाची गोदामाच्या दारापर्यंत.

लाकडाचं गाव सांगितलं की काय होतं, हे आपण पाहिलंय. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी इथून साग गेला, तेव्हा बल्लारपुरात मिरवणूक निघाली. साग दरवर्षीच जातो, मिरवणूक निघत नाही. त्या वर्षी लाकडाचं गाव नावानिशी सांगितलं गेलं, एवढाच फरक.

आणि कागद कोणाच्या हातात, याला किती वजन असतं ते गडचिरोलीने देशाला दाखवलंय. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक पास वनखात्याकडे. हक्क गावाचा, पास दुसऱ्याचा. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी गावात येऊन पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे तो बांबू खऱ्या अर्थाने गावाचा झाला. तो बांबू कालही तिथेच होता. पासबुक हाती आल्यावर गावाला विक्रीतला भाव ठरवता आला.

म्हणून संग्राहकांना एवढंच सांगणं आहे. वंशावळीची किंमत तुमच्याइतकी कोणाला कळत नाही. तीच एक पायरी मागे न्या. पेटीतल्या कागदांत एक कागद लाकडाचाही मागा. मागणारे वाढले की कंपन्या तो देतील, कारण सिगारेटचा डाग हुबेहूब काढणाऱ्यांना झाडाचं गाव लिहिणं कठीण नाही.

श्रोत्यांमधून प्रश्न: सर, मग अशी गिटार घ्यावी की घेऊ नये? आणि परदेशातून आणायची तर काय पाहावं?

घ्यावी, ऐपत आणि आवड असेल तर. गिटार घेतली म्हणून जंगल तुटलं, इतकं सोपं गणित नाही. पण घेताना चार गोष्टी पाहा. क्रमांक आणि सर्टिफिकेट जुळतात का. भाग मूळचे आहेत का. लाकूड कोणतं, हे लेखी आहे का. आणि जुनी गिटार असेल, विशेषतः १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची, तर तिच्यावर ब्राझीलचं रोजवूड असू शकतं. २०१९ ची सूट त्याला लागू नाही. कागद नसतील तर ती सीमेवर अडकेल. खरेदीआधीच विचारा, पैसे दिल्यावर विचारून उपयोग नसतो.