बांधीत द्राक्षं लावायची का, मामा?

मागच्या उन्हाळ्यात ब्रह्मपुरीजवळच्या गावी गेले होते. मामानं विचारलं, "तू मातीवर पीएचडी करतेस ना? मग सांग, नाशिकवाले द्राक्षं घेतात, वाईन काढतात. आपण दोन एकर बांधीत लावली तर?" प्रश्न गमतीचा नव्हता. मांडव, तार, ठिबक, रोपं, सगळा खर्च कर्ज काढूनच होणार होता. तुमच्याही घरी हा विषय निघाला असेल, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वेलीचं वर्ष समजून घेऊ. युरोपात बर्फाळ थंडीत वेल झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तेच घड बाहेर येतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये पिकतात. म्हणजे पीक दिसतं हिवाळ्यात, पण ठरतं उन्हाळ्यात!

इथेच पहिली अडचण. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, चंद्रपूर जेमतेम 200. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. एवढ्या उन्हात पानं पाणी वाचवायला आपली रंध्रं मिटून घेतात. रंध्रं मिटली की अन्न बनणंही मंदावतं. ज्या दिवसांत काडीनं घडांची तयारी करायची, त्या दिवसांत वेल नुसती तग धरून असते. हिवाळा मात्र आपला वाईट नाही. रात्री गार असतात आणि वाईनच्या द्राक्षात आंबटपणा टिकायला तेच लागतं.

दुसरी अडचण पावसाची. निफाड-दिंडोरीचा द्राक्षपट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेकडे येतो. आपल्याकडे 1200 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. पानं सतत ओली राहिली की केवडा रोग येतो आणि फवारणीचा खर्च वाढत जातो.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, ती म्हणजे माती. चांगली बांधी कोणती? जी पाणी धरून ठेवते ती. वर्षानुवर्षं चिखलणी करून आपण खाली एक घट्ट थर बनवलेला असतो. धानाला ते चालतं, कारण त्याच्या आत हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडची हवा त्यांतून मुळांपर्यंत पोचते. द्राक्षाच्या मुळांना ही सोय नाही. पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो आणि मुळं कुजतात. म्हणून द्राक्षाला निचऱ्याची, खाली मुरूम असलेली जमीन लागते.

म्हणजे मामाच्या बांधीचा जो गुण, तोच द्राक्षासाठी दोष.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर दोन फूट खोल खड्डा खणा. पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल, तर मांडवाचा विचार सोडा. बरडी जमिनीत ते जिरेलही, पण ऊन-पावसाचं काय?

आता मामाच्याच बांधावरचा मोह बघा. फुलं येतात तेव्हा, मार्च-एप्रिलमध्ये, त्याची बरीचशी पानं गळालेली असतात. त्यामुळे पाणी उडून जाण्याची चिंता कमी, मुळं खोल, आणि साखरेनं भरलेली फुलं पहाटे आपोआप खाली पडतात. ना छाटणी, ना फवारणी. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, त्यामुळे मोह म्हटलं की लोकांना आधी दारू आठवते. पण घरोघरी हे फूल वाळवून खाल्लंही जातं.

मामानं खड्डा खणला. सकाळी त्यात पाणी तसंच होतं. यंदाही बांधीत धानच आहे.