वारीत पाय दुखावला तर

आळंदी ते पंढरपूर ही पालखीची वाट सुमारे २५० किलोमीटरची. हिंजवडीच्या आयटी पार्कमधले अनेक कर्मचारी त्यातला पुण्याजवळचा एखादा टप्पा चालतात. दिवेघाट चढून सासवडला नेणारा टप्पा सुमारे ३० किलोमीटरचा असून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या पायांना तो जड जातो.

फोड : नवे बूट आणि पावसाने भिजलेले मोजे घासून टाचेला, बोटांना फोड येतात. फोड फोडू नये. फुटलाच तर स्वच्छ पाण्याने धुवावा, वरची कातडी न काढता निर्जंतुक पट्टी लावावी आणि कोरडे मोजे घालावेत.

मुरगळ : घोटा मुरगळल्यास चालणे थांबवावे. कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बांधावे, पाय उंचावर ठेवावा. पहिले दोन दिवस चोळणे, शेकणे टाळावे. चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावा.

मधुमेह : पायांची संवेदना कमी झालेली असल्यास जखम कळत नाही. अशा वारकऱ्यांनी अनवाणी चालू नये. मुक्कामी रोज तळवे तपासावेत.

मदत : पालखीमार्गावर आरोग्य विभागाची पथके असतात, रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. चालणे अशक्य झाल्यास पुढचा मुक्काम वाहनाने गाठावा.