चकली, तेल आणि बारा किलोवॅट

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले म्हणजे चारचौघांचे लक्ष चकलीच्या काट्याकडे जाते. माझे जाते तिच्या रंगाकडे. ही तळताना तेलाला आच कशी लागली असेल, हा विचार काही केल्या मनातून जात नाही. याला कारण माझा धंदा. कारखान्यांना लागणारे विजेचे हीटर निवडून देणे हे माझे काम. कुणाला पाणी तापवायचे असते, कुणाला रंग वाळवायचा असतो, कुणाला पोलाद लाल करायचे असते. विषय रुक्ष खरा. पण वाचकहो, आता कित्येक घरांत फराळ विकत येतो, आणि तो तळणाऱ्या लहान कारखान्यांत गॅसच्या जोडीला विजेच्या कढयाही आल्या आहेत. तेव्हा हा रुक्ष विषय तुमच्या ताटापर्यंत येऊन ठेपला आहे.

विजेमुळे तार किती तापते याचा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली मांडला. पण वर्षानुवर्षे लाल राहूनही जळून जाणार नाही अशी स्वस्त तार मिळायला पुढे बराच काळ लागला. १९०६ साली अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले. चार भाग निकेल, एक भाग क्रोमियम. ही तार तापली की तिच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आणि तोच तिला पुढे जळू देत नाही. तुमच्या इस्त्रीत बहुधा हीच किंवा हिची एखादी बहीण असते.

तेलात मात्र उघडी तार सोडता येत नाही. म्हणून तिचे वेटोळे धातूच्या नळीत ठेवून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी घट्ट ठासतात. ही भुकटी मोठी गुणी. ती वीज बाहेर येऊ देत नाही, पण उष्णता जाऊ देते.

आता खरी गोष्ट निवडीची. २०१९ साली सांगलीकडच्या एका फराळाच्या कारखान्यातून मला बोलावणे आले. कारखाना चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. हाताखाली बारा बायका, बँकेचे कर्ज काढून घेतलेली विजेची कढई, आणि दिवाळी दोन महिन्यांवर.

“भाऊ, तेल दुसऱ्या दिवशीच काळं पडतंय,” काकू म्हणाल्या. “चकलीला जळका वास येतो. दुकानदार माल माघारी धाडतात. बँकेचा हप्ता काही माघारी जात नाही.”

“तेल बदलून पाहिलंत?”

“तीन ठिकाणचं आणलं. तेलात खोट नाही. जन्मभर तळतेय मी.”

तापमान दाखवणारा काटा बरोबर १८० अंशांवर होता. कढई विकणाऱ्याने त्यांना सांगितले होते की, बारा किलोवॅट म्हणजे बारा किलोवॅट, मग नळी लांब असो की आखूड.

बारा किलोवॅटचा आकडा चुकीचा नव्हता. कढईत ६० लिटर तेल, म्हणजे सुमारे ५५ किलो. ते ३० अंशांवरून १८० अंशांवर न्यायला साडेचार युनिटांच्या आसपास वीज लागते. अर्ध्या तासात न्यायचे तर नऊ किलोवॅट हवेत. शिवाय चकलीतले पाणी उडवायचे असते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे पाऊण युनिट जाते. कढईच्या अंगावरून उष्णता निसटते ती वेगळीच. तेव्हा बारा ठीक.

मी वीज बंद करवली, तेल निवू दिले आणि नळ्या बाहेर काढल्या. अंगावर डांबरासारखा काळा थर! तिन्ही नळ्यांची मिळून लांबी होती चार मीटर, आणि जाडी ११ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून साडेआठ वॅट बाहेर पडत होते. पाण्याला हे चालते. तेल पाण्याइतकी झपाट्याने उष्णता उचलत नाही. तिथे मी तीन-चार वॅटांपलीकडे जात नाही.

सभा सुटते तेव्हा मंडपाला चार दारे असली तर माणसे रमतगमत घरी जातात. एकच दार असले तर दारात चेंगराचेंगरी होते. उष्णतेचेही तसेच. काटा कढईच्या मध्यातल्या तेलाचे १८० अंश सांगत होता. नळीच्या कातडीला चिकटलेले तेल त्याहून कितीतरी अधिक तापून करपत होते, आणि करपलेले तेल सगळ्या कढईत मिसळत होते.

“मग आता?” काकूंनी विचारले.

“तेवढ्याच किलोवॅटच्या, पण तिप्पट लांब नळ्या. स्टेनलेस स्टीलच्या. तांबं तेलात नको, त्यानं तेल लवकर खवट होतं.”

“पैसेही तिप्पट?”

“नळ्यांचे, जवळजवळ.”

काकूंनी एका बिलाच्या पाठीवर दर दोन दिवसांनी फेकलेल्या तेलाची किंमत मांडली. बेरीज पुरी व्हायच्या आधीच म्हणाल्या, “बसवा.”

मग मी दुसरा विषय काढला, कारण कोपऱ्यात बसलेल्या एका मुलीच्या हाताला पट्टी दिसत होती. हीटर चालू असताना तिने तेल उपसले होते. वरची नळी उघडी पडली, लालबुंद झाली आणि तेलाने पेट घेतला. कुणीतरी झाकण टाकले म्हणून निभावले. पाणी ओतले असते तर भडका छपराला लागला असता. तेल ४०० अंशांच्या आसपास ठिणगीवाचूनही पेटू शकते, आणि उघडी नळी त्याच्या फार पुढे जाते. म्हणून तेलाची पातळी उतरताच वीज तोडणारा स्विच, आणि नेहमीच्या थर्मोस्टॅटहून अगदी वेगळा असा दुसरा थर्मोस्टॅट, या दोन वस्तूंवाचून मी कढई चालू करू देत नाही. काकूंनी त्यांची किंमत विचारली नाही.

पावसाळाभर बंद राहिलेल्या कढईची आणखी एक खोड असते. नळीतली भुकटी हवेतला ओलावा शोषते आणि वीज अंगावर येऊ शकते. अशा नळ्या आधी मंद आचेच्या भट्टीत वाळवून, विद्युतरोध मोजूनच जोडाव्यात.

हीटर घेताना “किती वॅटचा?” हे सगळेच विचारतात. तो कशात बुडणार, किती अंगातून उष्णता सोडणार आणि पातळी उतरली तर त्याला बंद कोण करणार, हेही विचारावे. घरच्या गीझरलाही याच शास्त्रातले एक कलम लागू आहे. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर नळीवर साचला की उष्णतेची वाट अडते, पाणी उशिरा तापते आणि एक दिवस नळी फुटते. तेव्हा नरकचतुर्दशीच्या पहाटे घरभर आरडाओरडा व्हायला नको असेल, तर आठवडाभर आधी माहितगार माणसाकडून गीझर उघडून साफ करून घ्या.