घरांतच लपलेला शत्रु

दसरा उलटला म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांची वाट धरितात. त्यांपैकीं ज्यास एच.आय.व्ही.ची बाधा असेल, त्यानें शिध्याबरोबर गोळ्याही नेल्याच पाहिजेत. कां, तें सांगतों.

टी-पेशी हें शरीराचें सैन्य होय. त्यांतील मारक पेशी बाधित पेशींच्या पृष्ठभागावरील विषाणूचे तुकडे ओळखून त्या पेशी नष्ट करितात. परंतु हा विषाणु आपली नक्कल करितांना वारंवार चुकतो. त्यामुळें तुकडे पालटतात व ओळख पटत नाहीं. शिवाय ‘नेफ’ नामक प्रथिनाच्या योगें तो ते तुकडे मांडणारे रेणूच पृष्ठभागावरून आंत ओढितो. सर्वांत मोठें कपट असें कीं, मारक पेशींस साह्य करणाऱ्या सीडी-४ पेशींतच तो शिरतो. त्यांतील कांहीं निद्रिस्त पेशींच्या गुणसूत्रांत तो वर्षानुवर्षें निमूट पडून राहतो. तेथें त्यास सैन्यही ओळखत नाहीं, औषधही बाधत नाहीं.

म्हणूनच औषध थांबलें कीं बहुधा कांहीं आठवड्यांतच तो पुन्हां डोकें वर काढितो. सरकारी ए.आर.टी. केंद्रांतून २००४ पासून ह्या गोळ्या विनामूल्य मिळूं लागल्या. त्या नित्य घेऊन रक्ततपासणींत विषाणु दिसेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधानेंही तो दुसऱ्यास लागत नाहीं. एका पंक्तीस बसल्यानें तर तो कधींच लागत नाहीं. बीडजवळील पाली येथें ‘इन्फंट इंडिया’ संस्थेंत दत्ता व संध्या बारगजे ह्या दांपत्यानें बाधित मुलांस घरचें छत्र दिलें आहे.

घरच्यांच्या धाकानें गोळी लपवून घ्यावी लागली, तर ती चुकते. आणि वारंवार चुकलेली गोळी त्या लपलेल्या शत्रूसच साह्य करिते. तेव्हां ज्येष्ठांनीं “आज गोळी घेतलीस ना, बाळ?” एवढें मायेनें विचारावें.