अंगठा म्हणजे संमती नव्हे

उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील संशोधनात सहभागी झाल्या. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू, तर तपासणीविना ठेवलेल्या तुलनेच्या गटात ६४. तपासणीने मरण टळते, हे जगाला खेड्यातल्या या आयाबहिणींनी दाखवून दिले.

मग तुलनेच्या गटातील बाईला आपण कुठे आहोत, हे समजले होते काय? हा प्रश्न पुढे जाहीरपणे विचारला गेला. आम्ही संशोधनाच्या विरोधात नाही. त्याचा लाभ सर्वात आधी गरिबालाच हवा. पण वकील म्हणून आम्ही सांगतो, न समजता उठवलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत नीतिसमितीवर सामान्य नागरिक असावा, असे म्हटले आहे. परंतु पैशाविना नियम कागदावरच राहतो. संमतीपत्र बोलीत लिहून ते दहा बायांना वाचून दाखवणे, त्यांना काय कळले हे विचारणे, बैठकीसाठी बुडालेली मजुरी देणे, निष्कर्ष ग्रामसभेत सांगणे, याला कोट्यवधी लागत नाहीत. लहान अनुदाने पुरतात.

म्हणून आमची मागणी आहे : प्रत्येक रोगप्रतिबंधक संशोधनासोबत असे लहान अनुदान स्वतंत्रपणे द्यावे, आणि त्याच्या खर्चाचा हिशेब गावातील बायांसमोर मांडावा. ज्यांच्या देहावर ज्ञान उभे राहते, त्यांना ते आधी कळलेच पाहिजे!